सासूबाईंचा आजार माझ्या माहेरचा निघाला

आधी रझिया आपांचं नाव लिहिते, मग बाकीचं सांगते. रझिया आपा म्हणजे आमच्या शेजारच्या. त्यांचे मिस्टर टेम्पो चालवतात, आपा घरी ब्लाउज शिवतात. माझं माहेर लांब, धर्माबादच्या पुढं, तेलंगणाच्या हद्दीला लागून. आई-वडील आता नाहीत. एक धाकटी बहीण सुजाता, ती तिकडंच दिलेली. सोलापुरात नवरा आणि दोन लेकरं सोडली तर हाकेला धावणारं माणूस म्हणजे आपाच. माझ्या सगळ्या आजारपणात दवाखान्यात माझ्याबरोबर त्या आल्या. स्वतःची शिलाई बाजूला टाकून आल्या, आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या.

मी सातवीत शाळा सोडली. बिड्या वळते. लिहायची सवय नाही, पण वॉर्डातल्या मॅडम म्हणाल्या, तुमच्यासारखीनं लिहिलं तर तुमच्यासारख्या वाचतील. म्हणून लिहिते. चुकलं तर समजून घ्या.

"गाठ कॅन्सरची आहे," असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तेव्हा मी आपांकडं बघितलं. जणू उत्तर त्यांनी द्यायचं होतं. मॅडमनी पुढं पुष्कळ सांगितलं. ऑपरेशन, मग केमो, मग शेक. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर आपांनी मला चहा पाजला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, म्हणून कळलं.

गाठ मला आंघोळीच्या वेळी हाताला लागली होती, डाव्या बाजूला, काखेच्या जवळ. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून मी दिवाळी जाऊ दिली, मग पोराची परीक्षा जाऊ दिली. आता याचीच चीड येते. दुखत नाही ती गाठ साधी, हे आपल्याला कुणी सांगितलं? बायांनो, न दुखणारी गाठसुद्धा दाखवा. लगेच दाखवा.

तपासण्यांची नावं ऐकूनच मी घाबरायची, म्हणून सांगते. मॅमोग्राफी म्हणजे छातीचा एक्स-रे. दोन पाट्यांच्या मध्ये छाती दाबतात, थोडी कळ येते, पण लगेच सोडतात. बायोप्सी म्हणजे जाड सुईनं गाठीचा छोटा तुकडा काढून तो तपासायला पाठवणं. सुई लावली की गाठ पसरते असं आमच्या गल्लीत दोघीतिघींनी सांगितलं. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तसं काही होत नाही. घाबरून न तपासल्यानं मात्र पसरते."

तपासण्यांपेक्षा जास्त दमवलं ते खिडक्यांनी. या खिडकीवर म्हणायचे त्या खिडकीवर जा. त्या खिडकीवर म्हणायचे झेरॉक्स आणा. झेरॉक्स आणली की जेवायची सुट्टी. सुट्टी संपली की साहेब मीटिंगला. मी आपली हो म्हणायची आणि चालायला लागायची. शेवटी आपा काचेवर टकटक करून म्हणाल्या, "ओ दादा, ये पेशंट हाय, फुटबॉल नाय. कितने बार लाथ मारते?" मागच्या रांगेतली माणसं हसली. खिडकीतला मुलगाही हसला आणि शिक्का मारून दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपा म्हणाल्या, "शरम नंतर कर गे, आधी आगे चल."

आणि एक प्रश्न. तो तर इतक्या वेळा विचारला की पाठ झाला. "घरात कुणाला कॅन्सर होता का?" पहिल्या दिवशी शिकाऊ डॉक्टरांनी विचारला. मग मॅडमनी विचारला. मग ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्यांनी विचारला. मी दर वेळी नीट आठवून सांगितलं. आईला नव्हता, मावशीला नव्हता, आजीला नव्हता. "माहेरी कुणालाच नाही?" "नाही." ते "नाही" लिहून घ्यायचे आणि पुढं जायचे. मी खोटं बोलले नाही. देवाशपथ खरंच सांगत होते.

ऑपरेशन झालं. डावी बाजू काढली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा मी भिंतीकडं बघत राहिले, एवढंच.

घरी आल्यावर बघायला येणाऱ्यांनी जीव नकोसा केला. प्रत्येकीकडं कारण तयार. एक म्हणाली, तंबाखूत हात असतात तुझे, दुसरं काय होणार. अगं, मग आमच्या कारखान्यातल्या सगळ्याच बायांना व्हायला पाहिजे होतं की. एक म्हणाली, पोरांना अंगावर कमी पाजलंस. दोघांनाही मी दोन-दोन वर्षं पाजलंय. एक तर पपईच्या पानांचा रस बाटलीत घेऊन आली आणि मी पिईपर्यंत उठेना. मी काही बोलू शकत नाही, माझा स्वभावच तसा. मी हो हो करायची आणि रात्रभर विचार करायची की खरंच माझंच काही चुकलं असेल का. आपा त्या रसाचा वास घेऊन म्हणाल्या, "ये तूच पी गे माय, तुझा रंग उडालाय." तेव्हा कुठं ती गेली.

मग केमो सुरू झाली. केमोथेरपी म्हणजे सलाईनमधून देतात ते औषध, अंगात कुठं कॅन्सरच्या पेशी राहिल्या असतील तर त्या मारायला. केस गेले, तोंडाला चव राहिली नाही. पाणीसुद्धा लोखंडासारखं लागायचं. पण निभतं. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी भिऊ नका.

दुसऱ्या केमोला गेलो तेव्हाची गोष्ट. मॅडम मला तपासत होत्या आणि सहज विचारत होत्या, घरचं कोण बघतं, सासूबाई आहेत का.

मी बोलायच्या आत आपा म्हणाल्या, "सासू कुठली बाई! ती याच दुखण्यात गेली की. तिची पट्टी मीच बदलत होते."

मॅडमनी मान वर केली. "सासूबाईंना ब्रेस्ट कॅन्सर होता?"

मी म्हणाले, "होय मॅडम, पण त्या सासरच्या. त्यांचा माझ्याशी काय संबंध?"

"बरोबर आहे. सासूकडून सुनेला येत नाही." आणि त्या पुन्हा लिहायला लागल्या.

आपा खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. "बाई, ऐका तो सही. सासू म्हणजे हिची सख्खी फुफी हाय! हिच्या बापाची बहीण!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आमच्यात आत्याच्या घरी मुलगी द्यायची रीत आहे. माझी आत्या लग्न होऊन सोलापूरला आली, यंत्रमागाच्या घरात. तिनं मला सून म्हणून मागून घेतलं. त्या दिवसापासून ती माझी सासू. घरातली, पै-पाहुण्यातली सगळी माणसं तिला सासरकडच्यातच धरतात. तिचा आजार सासरचा, तिचं मरण सासरचं. मला स्वप्नातसुद्धा वाटलं नाही की डॉक्टर "माहेरी कुणाला" असं विचारतात तेव्हा तिचं नाव घ्यायचं असतं.

"आम्ही तुम्हाला इतक्या वेळा विचारलं," मॅडम म्हणाल्या. त्यांना राग आला होता की हसू येत होतं, मला कळेना. "मग तुम्ही 'नाही' असं का सांगितलंत?"

"तुम्ही माहेरचं विचारलंत मॅडम. आत्या तर लग्न होऊन गेलेली होती."

"लग्न झालं म्हणून रक्त बदलत नाही हो!" त्या म्हणाल्या. मग शांत झाल्या. "वडिलांना आणखी बहिणी होत्या?"

होती की. एक निजामाबादला दिलेली. ती पोटात पाणी भरून गेली. कमी वयात. तिलाही आम्ही कधी मोजलं नव्हतं. ती तर केव्हाच दुसऱ्या घरची झालेली.

मॅडमनी तिलाही कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचं वय बघून ही तपासणी मी तशीही सुचवणार होते. पण आता ती केलीच पाहिजे."

ती तपासणी म्हणजे जेनेटिक टेस्ट. रक्तच घेतात, वेगळं काही नाही. त्यासाठी एक कौन्सेलर बाई भेटल्या. कौन्सेलर म्हणजे तपासणीच्या आधी आणि नंतर समजावून सांगणाऱ्या. त्यांचं मराठी पुस्तकी होतं, मला निम्मं कळेना. मग त्यांनी विचारलं, तुमच्या घरचे काय काम करतात? मी सांगितलं, टॉवेलच्या मागावर आहेत. तेव्हा त्यांनी असं सांगितलं. मागावर धागा तुटतच असतो, रोज तुटतो. पण जोडणारा माणूस उभा असतो म्हणून कापड नीट निघतं. आपल्या अंगात पण पेशी रोज बिघडतात आणि त्या नीट करणारं काहीतरी असतं. बीआरसीए टू नावाचा एक जीन ते काम करतो. जीन म्हणजे आई-वडिलांकडून आलेली, अंगानं कसं चालावं याची सूचना. काही घराण्यांत हा जीन जन्मापासूनच बिघडलेला येतो. तसा बिघाड असला की कॅन्सर होईलच असं नाही, पण व्हायची भीती इतरांपेक्षा बरीच जास्त. छातीचा, आणि बीजकोशाचा म्हणजे ओव्हरीचा. निजामाबादच्या आत्याचं ते असू शकेल, असं त्या म्हणाल्या.

"पण वडिलांना तर काहीच नव्हतं," मी म्हणाले.

"पुरुषांना त्रास कमी होतो, पण त्यांच्याकडून तो बिघाड पुढं येतो. मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाला यायची शक्यता निम्मी. छातीचा कॅन्सर फक्त आईकडून येतो, हा सगळ्यांचा गैरसमज आहे."

रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. आला तो जीन बिघडलेलाच आला. मी रडले नाही. उलट खरं सांगू का, मला जरा हलकं वाटलं. तंबाखू नाही, अंगावर पाजणं नाही, कुणाची नजर नाही. माझं काही चुकलं नव्हतं. पपईवालीला बोलावून रिपोर्ट दाखवावा असं फार मनात आलं.

आमच्या ह्यांनाही तपासणी सांगितली, कारण त्यांची आई तीच. त्यांनी तर घर डोक्यावर घेतलं. "मला कशाला? मी काय बाई हाय का?" रोज तेच. शेवटी पोरगी म्हणाली, "अप्पा, तुमचं बघितलं तर माझं अर्धं कळंल." मग मुकाट्यानं गेले. त्यांचं चांगलं निघालं, त्यांच्यात तो बिघाड नाही. चार दिवस असे वागत होते की जणू ह्यांनी अभ्यास करून नंबर काढलाय. लेकरांची तपासणी आत्ता करायची नाही, असं कौन्सेलर बाई म्हणाल्या. मोठी झाल्यावर त्यांनीच ठरवायची.

मॅडमनी मला माझ्यापुढचे रस्ते सांगितले. ट्रीटमेंट झाल्यावर ओव्हरी काढून टाकायच्या, कारण त्यांच्या कॅन्सरवर लवकर कळेल अशी भरवशाची तपासणी नाही. दुसरी बाजू काढायची की दर वर्षी तपासत राहायचं, ते विचार करून सांगा म्हणाल्या. मी तपासत राहायचं ठरवलं. दुसऱ्या कुणी वेगळं ठरवेल, त्यात चूक-बरोबर नाही असं मॅडमच म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला बहीण आहे ना?"

तेव्हापासून माझं स्वतःचं दुखणं मागं पडलं. सुजाता माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. तिलाही निम्मी शक्यता. माझ्या वयाला यायच्या आत तिनं तपासलं तर तिला काही व्हायच्या आधी धरता येणार होतं. एवढीच गोष्ट होती, आणि एवढीच तिला कळत नव्हती.

पहिल्या फोनला ती म्हणाली, "अक्का, तुला झालं म्हणून मलाही होणार का? असलं तोंडानं काढू नकोस." दुसऱ्या फोनला म्हणाली, तिची पोरगी वयात आली आहे, असला रिपोर्ट घरात आला तर उद्या तिला कोण करील. तिसऱ्या फोनपासून तिचा नवरा उचलायला लागला. "ती स्वयंपाक करते." सकाळी स्वयंपाक, दुपारी स्वयंपाक, संध्याकाळी स्वयंपाक. लग्नाचं घर होतं का ते? माझा संताप संताप व्हायचा आणि मी फोनवर म्हणायची, बरं बरं, सावकाश सांगा. मग आपांकडं जाऊन रडायची.

रेडिएशन संपलं, म्हणजे मशीनखाली झोपवून शेक देतात ते, आणि अंगात जरा जीव आला तेव्हा मी म्हणाले, जाऊन येते धर्माबादला. आपा म्हणाल्या, "मैं भी आती. तू अकेली गेलीस तर पोटभर जेवून परत येशील, बोलणार काय नाय."

सुजातानं पुलिहोरा केला होता. चिंचेचा भात, आमच्याकडं पाहुण्याला करतात. जेवताना ती शाळेबद्दल बोलली, पाऊसपाण्याबद्दल बोलली, म्हशीबद्दल बोलली. माझ्या डोक्यावरच्या रुमालाकडं बघत नव्हती. तिची सासू दारातच बसलेली. "सोलापूरला डॉक्टर लोकांना पेशंट कमी पडतात काय," असं एकदा म्हणून घेतलं. मी नेहमीसारखी गप्प.

आपा उठल्या. सुजाताच्या सासूला म्हणाल्या, "अम्मा, तुमचा ब्लाउज खांद्यात उतरतो की. कोण शिवतंय असलं? चला उजेडात, माप घेते." आणि म्हातारीला हाताला धरून ओसरीवर घेऊन गेल्या. टेप नव्हताच. वितीनं माप घेत बसल्या, आणि गप्पा असल्या लावल्या की म्हातारी तिकडंच रमली.

मी स्वयंपाकघराचं दार लावलं आणि ब्लाउजची बटणं काढली. सुजाता "नको अक्का, नको" म्हणत भिंतीला टेकली. मी तिचा हात धरून तिथं ठेवला. माझा स्वभाव असा नाही. पण त्या दिवशी ठेवला.

तिनं हात तसाच राहू दिला. मग म्हणाली, "दुखतं?"

"आता नाही."

"आत्याचं असंच होतं?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "तिनं मला दाखवलं नाही. एका घरात राहून दाखवलं नाही. शेजारच्या बाईला दाखवलं, आम्हाला नाही. तिनं दाखवलं असतं तर मी दिवाळी जाऊ दिली नसती. म्हणून तुला दाखवते."

ती रडली. मी पण. दारावर थाप पडली तेव्हा सासू विचारत होती, गळा चौकोनी शोभेल का गोल.

सुजाता सोलापूरला आली. मी तिला कौन्सेलर बाईंकडं नेलं. तिचाही जीन तसाच निघाला. तेव्हा ती मला म्हणाली, "झालं का समाधान?" आणि तोंड फिरवलं. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी केली, त्यात काही नव्हतं. एक गाठ नाही, काही नाही. "अगदी वेळेवर आलात," मॅडम तिला म्हणाल्या. ती पिशवी उचलून बाहेर चालायला लागली. गाडीत बसताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

नंतर कितीतरी दिवस फोन नाही. मी केला तर परत स्वयंपाक. मला वाटायला लागलं, मी बहिणीला वाचवायला गेले आणि बहीणच घालवली. मग एका दुपारी मी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसले होते, आणि तिचा फोन आला. ना हालहवाल, ना काही.

"अक्का, नांदेडला एमआरआयचा नंबर लावलाय. मशीनमध्ये जाताना मंगळसूत्र काढावंच लागतं का गं? सासूबाई विचारतायत."

मी म्हणाले, "काढावंच लागतं, धातूचं काही चालत नाही. सासूबाईंना सांग, तेवढा वेळ मंगळसूत्र त्यांच्याच हातात दे."

पलीकडं म्हातारीचा आवाज आला, "आणि कानातलं?"

तो एमआरआय चांगला आला. आता दर वर्षी करायचा, आणि पोरीचं लग्न उरकलं की ओव्हरीचं बघू म्हणते. म्हणते तर म्हणू दे, मी पाठ सोडणार नाही.

वाचणाऱ्या बायांना माझं एकच सांगणं. डॉक्टर विचारतील घरात कुणाला होतं का, तेव्हा आईकडचं सांगून थांबू नका. वडिलांच्या बहिणी मोजा. लग्न होऊन गेलेल्या मोजा. पोटाच्या दुखण्यानं गेल्या म्हणतात त्या मोजा. आणि आत्याच्या किंवा मामाच्या घरात दिलेल्या असाल तर सासरची माणसंसुद्धा मोजा, कारण ती तुमचीच आहेत. हे सांगायला मला एवढं सगळं भोगावं लागलं, तुम्हाला नुसतं वाचायचं आहे.

मॅडमचे, सिस्टरांचे, कौन्सेलर बाईंचे उपकार आहेतच. आता आपांचं.

आपा, तुम्हाला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे मी तुम्हाला वाचून दाखवणार आहे. तुम्ही मध्येच "बस कर गे" म्हणाल, तरी हे शेवटचं ऐका. तुमचे गुडघे तुम्ही लपवता. चक्कर येते तीही लपवता. डॉक्टरसमोर गेलात की माझ्यासाठी भांडणारं तुमचं तोंड बंद होतं, आणि "अच्छी हूं, कुछ नहीं" म्हणून उठता. मी दोनदा बघितलंय. पुढच्या वेळी मी तुमच्याबरोबर येणार. तुम्ही "कुछ नहीं" म्हणालात की मी खुर्चीवरून उठून सगळं सांगणार, मोठ्यानं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. तुम्ही टेबलाखालून कितीही चिमटे काढा.